सिनेमातला हमाल पंचायतीकडे का जात नाही?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणमधल्या कारखान्यांची मोजदाद सरकारी अहवालांत होते. तिथला कामगार रात्रपाळीहून येताना मोबाइलवर काय बघतो, वरातीत कुठल्या गाण्यावर नाचतो, गाडीच्या नंबरप्लेटवर काय रंगवून घेतो, याची नोंद कुणी ठेवत नाही. हे सगळं राजकारण आहे की नुसती करमणूक, यावर डाव्यांमध्येच जुना वाद आहे.

खालचा संवाद त्या वादाचा. मामा आकुर्डीत राहतात. टूलरूममधून निवृत्त झालेले, लाल बावट्याचे जुने कार्यकर्ते. भाची समाजशास्त्रात एमए झालेली, चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत तपासणी विभागात कामाला. दोघंही लेखापुरती उभी केलेली पात्रं. दोघंही स्वतःला डावे म्हणवतात आणि तरी एका सिनेमावरून त्यांचं जमत नाही. सिनेमा आहे प्रवीण तरडे यांचा, २०१८ साली आलेला ‘मुळशी पॅटर्न’.

भाची : मामा, तुम्ही म्हणता या सिनेमानं पोरं बिघडली. मला वाटतं, जमिनीच्या प्रश्नावर या भागातल्या इतक्या माणसांना एका अंधाऱ्या हॉलमध्ये गप्प बसवणारं दुसरं काही गेल्या वीस वर्षांत झालेलं नाही. बापानं जमीन विकली, पैसा उडाला, पाटलाचा हमाल झाला, पोरगा टोळीत गेला. कारण आणि परिणाम इतक्या सरळ ओळीत तुमच्या कुठल्या पत्रकात लिहिलंय?

मामा : ओळ सरळ आहे, मान्य. पण लोकांनी घरी काय नेलं? गाणं नेलं. तलवारीनं केक कापायचा, त्याचा व्हिडिओ करायचा, मागे तेच गाणं लावायचं आणि मग पोलिसांनी उचललं की ‘भाई’ म्हणून फ्लेक्स लावायचा. बापाचं दुःख कुणाच्या रीलमध्ये दिसलं का तुला? गुंडगिरी वाईट, असं सिनेमा शेवटी सांगतो. पण कॅमेरा अख्खा वेळ तिच्याच प्रेमात असतो. शेवटच्या पाच मिनिटांचा उपदेश तोपर्यंत कोण ऐकतो!

भाची : रील करणारा पोरगा कोण आहे तेही बघा. आयटीआय करून आलेला. सात महिने काम, मग ब्रेक. २४० दिवस भरू द्यायचे नाहीत, कारण भरले तर कायद्यानं त्याला काढणं अवघड होतं. सुपरवायझर त्याला नावानं हाक मारत नाही, ‘ए ठेकेदारवाला’ म्हणतो. त्याला महिन्यातून एक संध्याकाळ कुणीतरी ‘भाई’ म्हटलेलं हवं असतं. नंबरप्लेटवर ८०५५ घेऊन त्याचं इंग्रजी ‘बॉस’ करणारा हाच. दिवसभर त्याच्या डोक्यावर बॉस असतो म्हणून तो हे करतो. त्यात बंड आहे की नाही?

मामा : बंड आहे, पण ते कुठे जातं ते सांग. पॉल विलिस नावाच्या इंग्रज अभ्यासकाचं १९७७चं पुस्तक तूच मला वाचायला दिलंस. कामगारांची पोरं शाळेत मास्तरांची टर उडवतात, अभ्यासाला नावं ठेवतात, आपण कुणाला भीत नाही असं दाखवतात आणि त्याच ऐटीत बापाच्याच कारखान्यात, बापाच्याच खालच्या जागेवर जाऊन उभी राहतात. त्यांचं बंडच त्यांना तिथे नेऊन सोडतं. तुझा ८०५५वाला तसाच. संध्याकाळी बॉस, सकाळी पुन्हा गेटवर.

भाची : विलिसनं त्या पोरांची टिंगल मात्र केली नाही. ती मास्तरांना जे ओळखून होती, ते बरोबर होतं, असंही तो म्हणतो. शाळेची शिडी आपल्यासाठी नाही, हे त्यांना कळलं होतं. आमच्या पोरांनाही कळलंय की मन लावून काम केलं तरी ते कायम होणार नाहीत. हे त्यांना तुमच्या युनियननं सांगितलं नाही. गेटनं सांगितलं, आणि सिनेमानं त्याला चेहरा दिला.

मामा : चेहरा कुणाला दिला, तेच तर विचारतोय. सिनेमातला बाप सातबाऱ्याचा धनी आहे. त्याच्याकडे विकायला काहीतरी होतं. तुझ्याकडे काय होतं? परभणीहून तू बॅग घेऊन आलीस.

भाची : हे खरं आहे. मी महाळुंग्यात ज्या खोलीत राहते, तिचा मालक कधीकाळचा शेतकरी. त्यानं जमिनीच्या तुकड्यावर ओळीनं खोल्या काढल्या. एका खोलीत आम्ही चौघी. बाजूच्या खोलीत बिहारची पाच पोरं, पाळ्या बदलून झोपतात. मालकाला ‘मुळशी पॅटर्न’ फार आवडतो. तो म्हणतो, ही माझीच गोष्ट. आणि त्याचंही खोटं नाही. त्याचे नातेवाईक खेडच्या सेझमध्ये गेलेल्या जमिनीच्या पंधरा टक्के परताव्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालत होते.

मामा : पिंपरीतही तेच. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण झालं, जमिनी घेतल्या. साडेबारा टक्के परत द्या म्हणून मूळ शेतकऱ्यांच्या पिढ्या भांडल्या. २०२१मध्ये प्राधिकरणच बंद करून पीएमआरडीएत विलीन केलं. त्या शेतकऱ्याची फसवणूक झाली, हे मी नाकारत नाही. पण त्याच गावात दुसरा एक माणूस तयार झाला. लोक त्याला गुंठामंत्री म्हणतात. २०१३च्या सुमारास भोसरीतल्या सोन्याच्या शर्टाची बातमी जगभर गेली, तेव्हा सगळे हसले. मी नाही हसलो. जमिनीचा पैसा हाती आलेला आणि त्या पैशाला करायला काही काम नसलेला माणूस अंगावर सोनंच घालणार. मग त्याला कंपनीत कंत्राटं मिळतात. कामगार पुरवायचं, बस लावायचं, कँटीनचं, भंगाराचं. जमीन गमावलेल्याचा मुलगा ठेकेदार होतो आणि तुझा पगार कापतो. सिनेमा पहिल्या पिढीचं रडणं दाखवतो, दुसऱ्या पिढीचा धंदा दाखवत नाही.

भाची : म्हणजे सिनेमा खोटा नाही, अर्धा आहे. एवढं मान्य करा.

मामा : अर्धा आहे, आणि जो अर्धा गाळलाय तो नेमका आपला आहे. तुला सगळ्यात मोठी जागा दाखवतो. बाप पुण्यात येऊन हमाली करतो, बरोबर? आता पुण्यातल्या हमालाचा इतिहास काय आहे? बाबा आढावांनी पन्नाशीच्या दशकात हमाल पंचायत उभी केली. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसांची, ज्यांना ना मस्टर होतं, ना मालक कबूल करत होता. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि इकडे आढाव, या दोन्हीकडच्या रेट्यातून १९६९चा माथाडी कायदा आला. अंगमेहनतीच्या, असंघटित माणसाला बोर्ड, मजुरीची हमी आणि भविष्य निर्वाह निधी देणारा असा कायदा देशात आधी नव्हता. १९७४पासून पंचायतीची ‘कष्टाची भाकर’ चालते, स्वस्तात पोटभर जेवण. म्हणजे पडद्यावरचा पाटील ज्या जगात येऊन पडतो, त्याच जगात महाराष्ट्रातली एक मोठी संघटना उभी आहे. तरी त्याला तिथे एकसुद्धा माणूस भेटत नाही, जो म्हणेल, ‘पाटील, ये, नाव नोंदव.’ दिग्दर्शकाला टोळी दिसली, पंचायत दिसली नाही. का?

भाची : तुमचं उत्तर काय?

मामा : माझं उत्तर साधं आहे. पंचायत दिसली असती तर गोष्ट एकट्या हिरोची राहिली नसती. व्यावसायिक सिनेमाला एकटा माणूस लागतो. एकटा चढतो, एकटा पडतो, तिकीट विकलं जातं. चार हजार माणसं मिळून बोनस घेतात, त्यात क्लोजअप कुणाचा घेणार?

भाची : माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. चाकणमध्ये ‘माथाडी’ म्हटलं की माझ्यासमोर पंचायत येत नाही. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागितल्याचे गुन्हे येतात. गेटवर ट्रक अडवायचा, ‘आमची माणसं लावा’ म्हणायचं, माणसं न लावताच पैसे घ्यायचे. हमालांनी मिळवलेला कायदा कुणीतरी लेटरहेडसारखा वापरतंय. माझ्या वयाच्या पोरीनं बाबा आढावांचं नाव ऐकण्याआधी पोलिसांच्या बातमीत माथाडी हा शब्द वाचलेला असतो. मग लेखकाला टोळी दिसली यात त्याचा एकट्याचा दोष कसा? आपणच इतके अंधुक झालो आहोत.

मामा : खंडणीखोर म्हणजे माथाडी नव्हे.

भाची : मला माहीत आहे. गेटवरच्या पोराला माहीत नाही. त्याला ही गोष्ट कुणी सांगितली? १९८९च्या सप्टेंबरात टेल्कोचे कामगार राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते ना? महिनाअखेरीस पोलिसांनी पहाटे येऊन सगळ्यांना गाड्यांत भरलं. पिंपरीच्या इतिहासातला एवढा मोठा प्रसंग. त्यावर एक नाटक, एक सिनेमा तरी मला दाखवा.

मामा : मी तरी पाहिलेला नाही.

भाची : गिरणी संपही हरलाच होता. १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला तो कधी रीतसर मिटलाच नाही. पण जयंत पवारांनी ‘अधांतर’ लिहिलं आणि त्यावरून २०१०मध्ये महेश मांजरेकरांनी ‘लालबाग परळ’ केला. गंमत बघा, तिथेही गिरणी कामगाराचा एक पोरगा टोळीत जातो. लालबागमध्ये संप हरल्यावर भाई आला, मुळशीत जमीन गेल्यावर भाई आला. मला हे दोन सिनेमे शेजारी ठेवून दाखवावेसे वाटतात. गुंडाचा सिनेमा जिथे चालतो, तिथे आधी काहीतरी सामुदायिक हरलेलं असतं. आपण हे असं वाचलं तर तोच सिनेमा आपल्या कामाचा होतो.

मामा : मुळशीत हरले खरे, पण कसे हरले तेही सांग. १९२१मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे उभे राहिले. धरणाच्या कामावर जाऊन बसले, बायकापोरांसकट. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. धरण झालं, गावं बुडाली. पण तीनेक वर्षं माणसं एकत्र होती. त्याच तालुक्यात आज हिंजवडीचं आयटी पार्क आहे. शंभर वर्षांत धरण आलं, मग प्लॉटिंग आलं, मग काचेच्या इमारती. या प्रत्येक टप्प्याला प्रतिकार झालेला आहे. आणि सिनेमा मुळशीकराला काय म्हणून ओळख देतो? डोकं फिरलेला खुनी!

भाची : ही तक्रार रास्त आहे. आता माझी एक ऐका. तुम्ही दर १ ऑगस्टला निगडीत अण्णा भाऊंच्या पुतळ्याला हार घालता आणि जयंतीच्या डीजेवर चिडता.

मामा : चिडतोच. कानठळ्या बसतात.

भाची : पण अण्णा भाऊ लोकांना जे आवडतं त्यावर चिडले नाहीत. १९४४मध्ये अमर शेख आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लालबावटा कलापथक काढलं, तेव्हा शिकलेल्या माणसाच्या लेखी तमाशा म्हणजे बाष्कळ, अश्लील प्रकार. अण्णा भाऊंनी तो टाकून दिला नाही. आतून बदलला. गणातून गणपती काढून मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणलं. गौळण गाळली. सोंगाड्या ठेवला, कारण सावकाराची आणि मंत्र्याची टर उडवायला तोच लागतो. सरकारला बंदी घालावी लागली, इतका तो तमाशा लोकांपर्यंत पोहोचला. आणि त्यांच्या कादंबऱ्या? ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’, सगळ्यांवर चित्रपट निघाले. ते स्वतःच पॉप्युलर कल्चर होते, मामा.

मामा : होते. पण ‘फकिरा’ आणि तुमचा टोळीवाला यांत फरक कर. १९५९ साली ‘फकिरा’ आली. त्याच वर्षी तिकडे इंग्लंडमध्ये एरिक हॉब्सबॉमचं ‘प्रिमिटिव्ह रिबेल्स’ निघालं. दोघंही कम्युनिस्ट, एकमेकांना ओळखत नव्हते आणि विषय एकच, गोरगरिबांच्या मनातला बंडखोर दरोडेखोर. फकिरा उपाशी गावासाठी लुटतो. लुटीतला दाणा वाटला जातो. म्हणून अण्णा भाऊ ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करू शकले. सिनेमातला भाई लुटतो ते स्वतःसाठी. त्याच्या गाडीतलं सोनं वाटलं जात नाही.

भाची : वर्गणीत वाटलं जातं! गणपतीत, दहीहंडीत, बैलगाडा शर्यतीत. मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती कायम केल्या, पण त्याच्या आधीच आपल्या चिखलीत बक्षिसाला जेसीबी लावला होता. विचार करा, बैलांच्या शर्यतीत जेसीबी! शेती गेली, बैल शोभेला राहिला आणि बक्षीस काय, तर शेत खणून टाकणारं यंत्र. एवढं बोलकं चित्र कुठल्या डाव्या चित्रकारानं काढलंय? ते घाटात उभं होतं, हजारो लोक बघत होते. आपल्यातला कुणी तिथे गेला नाही, कारण आपल्याला ते सरंजामी वाटतं.

मामा : मी गेलो असतो तर काय केलं असतं? भिर्रर्र ओरडलो असतो?

भाची : गाडामालकाशी बोलला असता. खिलार सांभाळायचा खर्च शेतीतून निघत नाही, तर कुठून निघतो, ते विचारलं असतं. वर्गविश्लेषण तिथेच सुरू होतं.

मामा : बरं. पण माझी एक कसोटी आहे, ती सोडणार नाही. एखादी कला राजकीय आहे की नाही, हे सत्ता तिच्याशी कशी वागते त्यावरून कळतं. २००२च्या गुजरातनंतर पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला, झोपडपट्टीतल्या पोरांचा. शीतल साठे, सचिन माळी यांना भूमिगत व्हावं लागलं आणि एप्रिल २०१३मध्ये ते विधानभवनासमोर गाणी म्हणत पोलिसांच्या हवाली झाले. २०२३मध्ये राज मुंगासेनं पन्नास खोक्यांवर रॅप केला, लगेच गुन्हा. त्यात त्यानं कुणा नेत्याचं नावही घेतलं नव्हतं म्हणतात. बंदूक नाचवणाऱ्या सिनेमाला मात्र सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि नेत्यांच्या शुभेच्छा.

भाची : कसोटी चांगली आहे, पण पुरेशी नाही. सप्टेंबर २०२२मध्ये मॉस्कोत अण्णा भाऊंच्या पुतळ्याचं अनावरण देवेंद्र फडणवीसांनी केलं. सत्तेला गुन्हाही दाखल करता येतो आणि हारही घालता येतो. एकदा हार पडला की तुमच्या कसोटीनं अण्णा भाऊ अराजकीय ठरणार का? आणि भीमगीतांचं काय? वामनदादा कर्डकांपासून शिंदे घराण्यापर्यंत कॅसेट, लाउडस्पीकर, आता डीजे. देहूरोडला १९५४ साली बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली, तेव्हापासून या पट्ट्यातल्या वस्त्यांना त्या गाण्यांनी इतिहास शिकवला. बाजारात विकली गेलेली, नाचायला लावणारी गाणी. आणि राजकारण नखशिखांत. पक्षानं त्यांना कधी आपलं मानलं नाही.

मामा : ते आमचं चुकलं. आम्हाला वर्ग दिसायचा, जात नंतर बघू म्हणायचो.

भाची : आणि बाई? तिला कधी बघणार होतात? ‘मुळशी पॅटर्न’मध्ये आईला रडायचं काम आहे, पोरीला वाट बघायचं. माझ्या लाइनवर निम्म्या मुली आहेत. आम्हाला रात्रपाळीची बस चुकली तर काय होतं, यावर एक दृश्य कुणी लिहिलेलं नाही, ना तरडेंनी, ना तुमच्या पथनाट्यवाल्यांनी. तुमच्या पथनाट्यात कामगार म्हणजे मिशीवाला पुरुष, मूठ वळलेला. बाई येते ती डबा घेऊन.

मामा : मग लिही की तू.

भाची : लिहितेय. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत बसेल अशी एकांकिका. मुलगी ठेकेदाराकडे कामाला, आजोबा मार्केट यार्डातले जुने हमाल. त्यांच्याकडे पंचायतीचं जुनं ओळखपत्र आहे आणि तिच्या गळ्यात ठेकेदाराचं, ज्यावर कंपनीचं नावच नाही.

मामा : बरोबर पकडलंस. शेवटी ती जिंकते ना?

भाची : नाही. दोनशे बत्तिसाव्या दिवशी तिला ब्रेक मिळतो.

मामा : हे नको. हरलेला शेवट बघून पोरं पुन्हा भाईकडेच जातील. त्यांना निदान एवढं दिसू दे, की एकीनं काहीतरी मिळतं. २०१३मध्ये चाकणच्या बजाजमधले कामगार पन्नास दिवस बाहेर बसले. एक रुपयाला एक, असे पाचशे शेअर मागत होते. सगळे हसले त्या मागणीला. मिळाले नाहीत. पण कामगार कंपनीत हिस्सा मागू शकतो, हे वाक्य तरी या भागात पहिल्यांदा मोठ्यानं बोललं गेलं.

भाची : ते हरलेच की! आणि तरी तुम्हाला ते सांगावंसं वाटतं. खोटा विजय दाखवला तर माझ्या लाइनवरच्या मुली पहिल्या पाच मिनिटांत ओळखतील. मी हार दाखवणार, पण तिचं कारण नशीब नसेल. कोण, कुठल्या सहीनं, कुठल्या तारखेला, ते सगळं स्टेजवर येईल. ‘मुळशी पॅटर्न’नं जखम बरोबर दाखवली आणि हत्यार चुकीच्या हातात दाखवलं. मला तेवढंच दुरुस्त करायचंय.

मामा : सोंगाड्या आहे का त्यात?

भाची : आहे. ठेकेदारच सोंगाड्या. सोन्याची चेन, दोन मोबाइल, आणि प्रत्येक वाक्याला ‘आपलीच माणसं आहेत’.

मामा : मग प्रयोग गेटवर कर. पाळी बदलताना. बाजूला टेबल टाकतो, सभासदत्वाचं पावतीपुस्तक ठेवतो.

भाची : गेटवर कुणी थांबत नाही, बस सुटते. आम्ही खोल्यांच्या अंगणात करू, रविवारी. मालकालाही बसवू पुढच्या रांगेत.

मामा : घरमालकासमोर? तो दुसऱ्या दिवशी खोली खाली करायला सांगेल.

भाची : सांगेल किंवा सांगणार नाही. त्याचीही जमीन गेलीय, त्याला काय दिसतं ते बघू. पावतीपुस्तक आणा तुम्ही, हरकत नाही. पण त्याआधी युनियनच्या कमिटीत एका तरी बाईचं नाव पदाधिकारी म्हणून घाला. पावती फाडणाऱ्या पोरींनी पहिला प्रश्न तोच विचारला, तर उत्तर मी देणार नाही, तुम्ही द्यायचं.